मला चक्कर आली नव्हती

हे लिहू का, असं मुलीला विचारलं तेव्हा तिने एक दिवस घेतला. दुसऱ्या दिवशी म्हणाली, लिहा, पण कुणाचं नाव नको. तशी नावांची गरजही नाही. माणसं चारच आहेत: मी, बायको, मुलगी आणि जावई. पाचवा नदीवरचा गाईड. त्याने आपलं नाव सांगितलं होतं, पण त्या दिवशी माझ्या डोक्यात ते राहिलं नाही.

जे सांगायला हवं ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे आडून आडून बोलायला नको. माझ्या मुलीला फिट्स येत. नववीत असताना शाळेच्या प्रार्थनेत उभी होती ती एकदम कोसळली, तेव्हापासून. गोळ्या सुरू झाल्या आणि आजार आटोक्यात आला. शेवटची फिट कॉलेजच्या शेवटच्या वर्षी, परीक्षेच्या धावपळीत तीन दिवस गोळी राहिली म्हणून. त्यानंतर एकदाही नाही. वाशीचे डॉक्टर मला नेहमी म्हणायचे, ब्लडप्रेशरसारखं समजा, गोळी चुकवू नका आणि लपवू नका. यातलं पहिलं मी काटेकोर पाळलं.

लग्नाची बैठक आमच्या बेलापूरच्या फ्लॅटमध्ये झाली. मुलाकडचे मूळचे साताऱ्याचे, आता खारघरला. माणसं सरळ. पोहे खाऊन झाल्यावर मुलाच्या आईने बशी खाली ठेवली आणि स्वतःहून सांगितलं, "याला लहानपणी दमा होता. आता नाही, पण पंप जवळ असतो. नंतर कुणी म्हणायला नको की बोलला नाहीत." आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "आमच्याकडे तसं काही नाही."

मुलगी आतल्या खोलीत होती. दार नुसतं लोटलेलं होतं. आदल्या आठवड्यात ती मला दोनदा म्हणाली होती, बाबा, सांगू या. मी म्हटलं होतं, एकदा संसार लागू दे, मग सांगू. बायको काही बोलली नव्हती. आमच्या घरात मी ठरवतो आणि बायको गप्प बसते, याला आम्ही एकमत म्हणत आलो.

मग दोन वर्षं मी दर महिन्याला गोळ्या आणायचो. एकेक गोळी स्ट्रिपमधून सोडवायची, कॅल्शियमच्या रिकाम्या डबीत भरायची आणि डबी पिशवीत घालून खारघरला जायचं. विहीणबाई कौतुकाने म्हणायच्या, लेकीच्या हाडांची किती काळजी. मी हसायचो. सरकारी कचेरीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला असं हसता येतं.

यंदा धोंड्याचा महिना आला. लग्नानंतरचा पहिलाच, म्हणजे जावयाला वाण देणं आलं. बायकोने पंधरा दिवस आधी तांदूळ भिजत घातले. अधिक महिना म्हणून दिवाळे गावच्या बाजारात मासळीला जाणंही बंद झालं, त्यामुळे तिला तेहतीस अनारशांशिवाय दुसरा विषय नव्हता. चांदीची वाटी घ्यायची की निरंजन, यावर आमचं बोलणं चाललं होतं तेवढ्यात जावयांचा फोन आला. ते उरणला एका गोदामात सुपरवायझर आहेत, सुट्टी क्वचित मिळते. म्हणाले, बाबा, चांदी-बिंदी काही नको. एक दिवस आपण चौघं कुठेतरी जाऊ. कोलाडला राफ्टिंग करू या, मला कधीपासून जायचंय.

मला बरं वाटलं. खर्च माझा, हौस त्यांची, वाण दिल्यासारखंही होईल. पाण्याचा विचार माझ्या मनात आला नाही, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. तो आला होता. पण ती गोळ्या घेते, असं म्हणून मी तो बाजूला सारला.

निघालो तेव्हा अजून उजाडायचं होतं. गाडी जावई चालवत होते. कोलाडला लवकर पोचावं लागतं, कारण तिथली नदी आपल्या सोयीने वाहत नाही. वर वीज तयार करून सोडलेलं पाणी सकाळी कुंडलिकेत येतं. दोन-तीन तास नदी भरून चालते, मग ओसरते. पाण्याच्या आधी आपण तिथे हजर राहायचं. हे मला फार ओळखीचं वाटलं, साहेब येण्याआधी टेबलाशी बसल्यासारखं.

नदीपासून थोडं वर पत्र्याची शेड होती. तिथे चहा मिळाला आणि प्रत्येकाला एकेक फॉर्म. जावई म्हणाले, "बाबा, फॉर्मचं काम तुमचं. आमच्यात तेवढे एक्स्पर्ट तुम्हीच." बायको म्हणाली, यांना घरी दुधाचा हिशेबही तीन प्रतींत लागतो. सगळे हसले. मी चष्मा लावला आणि चौघांचे फॉर्म पुढ्यात घेतले.

खाली एक यादी होती. हृदयविकार, दमा, फिट्स, अलीकडची शस्त्रक्रिया, गरोदरपण. पुढे आहे आणि नाही. मी चारही फॉर्मवर पाचही ठिकाणी नाहीवर खूण केली. वीस वेळा. हात थांबला नाही. मुलीच्या फॉर्मवर तिसऱ्या ओळीशी थांबला असता, तर आज सांगायला काहीतरी असतं. कागदाला जे उत्तर हवं असतं ते देऊन कागद पुढे सरकवायचा, ही सवय हाताला इतकी आहे की मधे डोकं लागत नाही. सह्या ज्याच्या त्याने केल्या. मुलीने न वाचता केली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

फोन, पाकिटं, घड्याळं सगळं एका पिशवीत जमा झालं आणि कपाटात गेलं. आम्हाला जॅकेटं आणि हेल्मेटं मिळाली. गाईड पुढे आला. चाळिशीचा, काटक, उन्हाने काळवंडलेला. तिथल्याच गावचा असावा. त्याने रबरी राफ्टच्या काठावर बसवून कसं बसायचं, पाय कुठे अडकवायचे, पडलात तर पाठीवर तरंगायचं, हे सगळं शिकवलं. बायको वल्हं हवेतच हलवत होती. तो म्हणाला, "काकी, पान्यात घाला. वरच्या वर हलवायला ही आरती नाय." बायको लाजली आणि मग हसत सुटली. तिला एवढं हसताना मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

मग आवाज बदलून त्याने विचारलं, "कोनाला फिट, हार्ट, ऑपरेशन, काय हाय का? असल तर आताच सांगा. पान्यात सांगून उपयोग नाय."

बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि जॅकेटचा पट्टा आवळत बसली.

राफ्ट उचलून पाण्यात न्यायला जावई आणि गाईड पुढे गेले. मुलगी माझ्या हेल्मेटचा पट्टा लावायला म्हणून जवळ आली. हनुवटीखाली बोटं चालवत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, मी गोळ्या बंद केल्यात."

"कधीपासून?"

"पंधरा दिवस झाले."

आम्हाला बाळ हवंय, ही गोळी पोटातल्या बाळाला चांगली नाही असं वाचलं, असं ती म्हणाली. मी म्हटलं, डॉक्टरांना विचारायचं ना. त्यावर म्हणाली, "कसं विचारू? नवऱ्याला घेऊन या म्हणाले तर?"

मग आता पाण्यात कशाला उतरतेस, असं मी तिच्यावर जवळजवळ ओरडलोच, पण दबक्या आवाजात. ती म्हणाली, "का नाही उतरत, म्हणून काय सांगू त्याला? तुम्ही सांगा काय सांगू ते."

मी म्हणालो, "बघतो."

कचेरीत मी हा शब्द रोज पंधरा-वीस वेळा वापरतो. काही करणार नाही, असा त्याचा अर्थ असतो, आणि समोरच्यालाही तो कळतो. मुलीला कळलाच. तिने पट्टा खटकन लावला आणि पाण्याकडे चालायला लागली.

नदीचं सांगायचं तर ती फार सुंदर होती, आणि मी तिच्याकडे बघितलं नाही. दोन्ही बाजूंनी झाडी खाली आली होती, पाणी हिरवं आणि गार होतं. वर मे महिन्याचं रखरखीत ऊन आणि खाली हा गारवा. जावई पुढे, त्यांच्या शेजारी मुलगी, मागे आम्ही नवराबायको, आणि सगळ्यांच्या मागे उंचावर गाईड. तो 'फॉरवर्ड' म्हणाला की वल्हवायचं, 'स्टॉप' म्हणाला की थांबायचं. पहिल्या रॅपिडला, म्हणजे खळाळाला, राफ्टचं नाक खाली गेलं, पाण्याची भिंत अंगावर आली आणि बायकोने देवाचं नाव घेतलं. जावई ओरडत होते, हसत होते. मी समोर मुलीच्या लाल हेल्मेटकडे बघत होतो. ते एकाच जागी किती वेळ स्थिर राहतं, मान कुठे वळते, खांदा आखडतो का. फिट यायच्या आधी तिचा डावा खांदा आखडतो. हे त्या राफ्टमध्ये मलाच माहीत होतं, आणि तिच्या आईला. आईचे डोळे मिटलेले होते.

एक रॅपिड, दुसरं, तिसरं. प्रत्येकानंतर वल्ही वर करून एकमेकांना आपटायची, असा तिथला रिवाज. मीही आपटत होतो.

मग पाणी थोडं निवांत झालं. गाईड म्हणाला, पुढचं वळण गेलं की मोठा डोह हाय, शांत पानी. तिथं ज्याला उतरायचं त्याने उड्या मारा, पोहत पोहत चला, जॅकेट हाय, बुडनार नाय कोनी. जावयांनी बाजूला वळून मुलीला म्हटलं, "आपण दोघं एकदम मारायची."

ती म्हणाली, "चालेल."

तेवढ्यात मी म्हणालो, "मला चक्कर येतेय."

चक्कर आली नव्हती. माझ्या मनात एवढंच होतं, की मला बरं नाही म्हटलं की राफ्ट काठाला लागेल, आपण उतरू, आणि मुलगी आपल्यापाशी थांबेल. बाप आजारी पडला तर लेक थांबते, यात कुणाला काही विचारावं लागत नाही. एक खोटं लपवायला दुसरं, इतकं साधं. मला ते त्या क्षणी हुशारीचं वाटलं.

गाईडचा चेहरा एकदम बदलला. त्याने शिट्टी मारली, मागच्या राफ्टला हाताने खूण केली आणि आमची राफ्ट काठाच्या खडकांशी आणली. माझं मनगट धरलं. "काका, छातीत दुखतंय? डावा हात?" मी नुसती मान हलवली, नाही म्हणून. तो म्हणाला, इथून वर रस्ता जवळ हाय, आमची गाडी येईल, पन चढन हाय, कोनीतरी एक जन सोबत पायजे. मागच्या राफ्टातले दोघं मी इकडं घेतो, वजन बरोबर होईल. पानी थांबत नाय, लवकर ठरवा.

मुलगी उठलीच होती. "मी थांबते बाबांजवळ."

जावई तिच्या आधी खाली उतरले होते, गुडघाभर पाण्यात. "तू बस," ते म्हणाले. "आईंना एकटं कसं सोडायचं? त्यांना पाण्याची भीती वाटते."

मी म्हणालो, "नको, नको, तीच राहू दे माझ्याजवळ."

"बाबा, उचलायची वेळ आली तर तिला जमणार आहे का?" ते म्हणाले, आणि माझ्या काखेत हात घालून मला राफ्टमधून अलगद उतरवलं. त्यांचं अगदी बरोबर होतं. चांगला जावई जे करेल तेच त्यांनी केलं. ज्या दिवसाची ते वर्षभर वाट बघत होते, तो अर्धा सोडून ते सासऱ्यासाठी पाण्यातून बाहेर आले.

मागच्या राफ्टमधून दोन मुलगे उड्या मारत आमच्या जागांवर येऊन बसले. बायको रडवेली झाली होती. मुलगी माझ्याकडे एकटक बघत होती. मला चक्कर आलेली नाही, हे तिला पहिल्या शब्दालाच कळलेलं असणार.

गाईडने खडकाला वल्हं लावून राफ्ट ढकलली.

आता जे लिहायचं आहे, त्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं. राफ्ट काठापासून सुटली तेव्हापासून वळणाआड गेली तोपर्यंत अर्धं मिनिट तरी गेलं असेल. माझा आवाज तिथपर्यंत पोचला असता. 'थांबा, हिला फिट्स येतात,' एवढंच म्हणायचं होतं. गाईडने जागच्या जागी राफ्ट वळवली असती. मी तोंड उघडलंही होतं. पण ते दोन अनोळखी मुलगे तिथे बसले होते, आणि जावई माझ्या पाठीवरून हात फिरवत होते. मला वाटलं, असं कसं ओरडून सांगायचं. लोकांसमोर. मुलीच्या जिवाच्या आणि माझ्या अब्रूच्या मधे अर्ध्या मिनिटाचं पाणी होतं आणि मी ते वाहू दिलं. राफ्ट वळली. लाल हेल्मेट दिसेनासं झालं.

जावयांनी मला सावलीत दगडावर बसवलं. जॅकेट काढलं. माझे बूट काढून तळपाय चोळायला लागले. म्हणाले, काळजी करू नका, उन्हाचा त्रास असेल, सकाळी तुम्ही नुसता चहाच घेतलात. साखर-मिठाचं पाणी मिळालं की बरं वाटेल. मी त्या हातांकडे बघत होतो. ते तळपाय चोळणं मला सहन झालं नाही.

मी म्हणालो, "मला चक्कर आली नव्हती."

त्यांचे हात थांबले.

मग मी सांगितलं. बसल्या बसल्या, खाली बघत, तक्रारअर्ज वाचल्यासारखं. नववी, प्रार्थना, गोळ्या, कॅल्शियमची डबी. बैठकीत मी काय म्हणालो ते. आणि शेवटी पंधरा दिवसांचं.

"आत्ता?" ते म्हणाले. "आत्ता ती पाण्यात आहे?"

ते उठले आणि काठाकाठाने पळायला लागले. तिच्या नावाने हाका मारत. तिथे वाट नाही, नुसते खडक आणि झुडपं. ते एकदा घसरून पडलेले मला दिसले, परत उठून गेले. मग पुढे काठ तुटून सरळ पाण्यात उतरत होता, तिथून त्यांना परत यावं लागलं. नडगी सोलवटली होती, रक्त येत होतं, आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. ते कमरेवर हात ठेवून वाकून उभे राहिले. पंप शेडमधल्या पिशवीत होता.

मी जवळ गेलो तर त्यांनी हाताने थांबवलं. दम थोडा बसल्यावर म्हणाले, "फॉर्मवर माझं दम्याचं काय लिहिलंत?"

मी म्हणालो, "'नाही' असं लिहिलं."

"आम्ही तर सांगितलं होतं तुम्हाला."

एवढंच. याहून मोठ्याने ते काही बोलले नाहीत, त्या दिवशी किंवा नंतर.

चढण चढून आम्ही रस्त्याला आलो. गाडीची वाट बघत किती वेळ गेला, सांगता येत नाही, घड्याळ नव्हतं. रस्ता तापला होता. दोघांच्या अंगावरचे ओले कपडे तिथेच वाळले. राफ्टा परत न्यायची गाडी आली तेव्हा जावयांनी ड्रायव्हरला गाईडला फोन लावायला सांगितलं. तो म्हणाला, साहेब, नदीवर कोणी फोन नेत नाही, शेवटच्या काठावरच भेटतील. मग आम्ही त्याच्या शेजारी दाटीने बसलो. रस्ता मधूनच नदीजवळ यायचा, झाडांच्या फटीतून पाणी चमकायचं, आणि आम्ही दोघंही एकाच वेळी मान वळवायचो. एकदा दोन राफ्टा दिसल्या, रिकाम्या, आणि त्यांच्या आजूबाजूला पाण्यात डोकी. लाल किती, पिवळी किती, काही कळलं नाही. झाडं मधे आली.

शेवटच्या काठावर नदी पसरट होती. पहिली राफ्ट आली, ती नाही. दुसरी आली, ती नाही. तिसऱ्या राफ्टमध्ये बायको होती, वल्हं आडवं धरून, आणि तिच्या शेजारी मुलगी. केसांतून पाणी गळत होतं. म्हणजे उडी मारली होती. बायको लांबूनच ओरडली, "अहो, बरं आहे ना आता? मी पण उतरले होते पाण्यात." तिला काहीच माहीत नव्हतं. चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. मी हात वर केला.

जावई पाण्यात शिरले आणि त्यांनी मुलीला दंडाला धरून उतरवलं. तिने त्यांच्या पायाकडे बघितलं, त्यांच्या तोंडाकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे.

गाईडने येऊन विचारलं, काका, ठीक हाय ना. मी म्हणालो, ठीक आहे. तो म्हणाला, "देव पावला. मला वाटलं, आज माझी नोकरी जाते." आणि हसला. त्या माणसाने सकाळी सरळ प्रश्न विचारला होता. आमच्या राफ्टमध्ये काही झालं असतं तर जबाब त्याला द्यावा लागला असता, आणि कागद माझ्या हातचा होता. हे मला तेव्हाच कळलं. मी हात जोडले, तेही त्याला उगीच वाटलं असेल.

जेवण शेडमध्ये होतं. ताटं घ्यायला रांग लागली होती. मुलगी माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"सांगितलंत?"

"हो."

"सगळं?"

"सगळं."

ती रडत नव्हती. मला वाटलं, आता म्हणेल, बरं झालं, ओझं उतरलं. मी त्याचीच वाट बघत होतो, हेही खरं सांगतो.

ती म्हणाली, "लपवायचं तुम्ही ठरवलंत, तेव्हा मला विचारलं नाहीत. आज सांगायचं, तेही तुम्हीच ठरवलंत. ते माझं होतं ना, बाबा? मी बोलायला हवं होतं त्याच्याशी. दोन वर्षं मी त्याच्यासमोर खोटी वागले, आणि खरं बोलायची वेळ आली तर तेही तुम्ही बोलून टाकलंत."

मी म्हणालो, "मला तुझ्यासाठी भीती वाटली."

"राफ्ट समोर होती तेव्हा का नाही वाटली?"

रांग पुढे सरकली. तिने ताट घेतलं आणि नवऱ्याजवळ जाऊन बसली, त्याच्यापासून एक खुर्ची सोडून.

जेवणानंतर बायकोने डबा काढला. तिला कुणीच काही सांगितलं नव्हतं आणि कुणाला सांगायचं बळ नव्हतं. प्लॅस्टिकच्या टेबलावर तिने तबक मांडलं, दिवा लावला, वाऱ्याने विझला, परत लावला. दोघांना शेजारी बसवून कुंकू लावलं. जावई शांतपणे बसले. नडगीला रुमाल बांधलेला होता. तेहतीस अनारशांचा डबा त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला, आणि वाकून बायकोच्या पाया पडले. माझ्याही पडले. एवढं सगळं झालं तरी रीत म्हणून पडले.

परतीच्या वाटेवर बायको थकून झोपली. घरी आल्यावर तिला बंद गोळ्यांसकट सगळं सांगितलं तेव्हा तिने एकच विचारलं, मी पाण्यात तिच्याबरोबर खेळत होते तेव्हा तुम्हाला माहीत होतं? मी हो म्हणालो. त्या रात्री आणि पुढचे बरेच दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. तिचं गप्प बसणं मी आयुष्यभर पाहिलंय. हे वेगळं होतं.

पुढचे तीन आठवडे मुलीचा फोन फक्त आईला यायचा. त्यातून मला कळत होतं. गोळ्या परत सुरू केल्या. जावई चार दिवस तिच्याशी फार बोलले नाहीत, मग बोलले. सासूला मुलीने स्वतः सांगितलं, एका दुपारी, दोघीच असताना. सासू खूप रागावली. मुलीवर थोडी, माझ्यावर पुष्कळ. मी जाऊन माफी मागतो, असं बायकोकडून कळवलं. मुलीचा उलट निरोप आला, बाबांनी आता काही करू नये.

मग एक दिवस मुलीचा मला फोन आला. वाशीच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, जुनी फाईल तुमच्या कपाटात आहे, ती घेऊन याल का? साडेपाचला.

मी पाचलाच जाऊन बसलो. फाईल जाडजूड होती, पहिल्या तपासणीपासूनचे सगळे कागद तारीखवार लावलेले. दोघं आले. जावई 'बसा' म्हणाले आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले. आमचा नंबर पुकारला तेव्हा मी सवयीने उठलो. इतकी वर्षं त्या दारातून मीच पुढे जात आलो. डॉक्टर मुलीला विचारायचे आणि उत्तर मी द्यायचो. झोप नीट लागते का, हो लागते. काही त्रास, नाही काही.

मुलीने हात पुढे केला. फाईलसाठी. मी फाईल दिली. ती दोघं आत गेली आणि दार लागलं.

बराच वेळ मी बसून होतो. आतून तिचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मधे एकदा तिघंही हसले. बाहेर आले तेव्हा जावई नव्या चिठ्ठीवरचं अक्षर लावायचा प्रयत्न करत होते आणि मुलगी त्यांना ते वाचून दाखवत होती. मला म्हणाली, आम्ही इथूनच जेवायला जातोय, तुम्ही रिक्षाने जाल ना?

डॉक्टर काय म्हणाले, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी म्हणालो, जाईन.